गाळात लिहिलेली दर्याची तारीख

उर्दूत ‘तारीख’ म्हणजे इतिहास. मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. दोन्ही भाषा शिकवताना आम्ही पाहतो की मुले या एका शब्दापाशी हमखास अडखळतात. ‘तारीख-ए-हिंद’चे मराठी भाषांतर कोणीतरी ‘भारताचा दिनांक’ असे करतो आणि वर्ग हसतो. पण एक ठिकाण असे आहे, जिथे या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र सापडतात. ते ठिकाण म्हणजे समुद्राचा तळ. तिथल्या गाळात काय घडले हेही कळते आणि कधी घडले हेही कळते.

वाचक म्हणतील, असोद्यात बसून समुद्राची चौकशी कशाला? आमच्या गावाची ओळख भरताची वांगी, कपाशी आणि बहिणाबाई चौधरींचे माहेर अशी आहे. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. गावातल्या अनेकांनी तो पहिल्यांदा पाहिला असेल तो मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्यावर गेल्यावर किंवा सुरतला लग्नाला गेल्यावर डुमसच्या किनाऱ्यावर. तरीही आपला आणि समुद्राचा संबंध फार जुना आहे. तो संबंध पाण्याचा आहे, आणि त्याहून जास्त मातीचा आहे.

आपली काळी माती कुठे जाते?

जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला की शिवारातले पाणी चहासारखे तांबूस-काळे होऊन नाल्यांतून धावते. नाले पुढे वाघूर, गिरणा यांसारख्या नद्यांना मिळतात आणि त्या तापीला. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतच्या पुढे समुद्राला मिळते. वाटेत तिने बऱ्हाणपूर पाहिलेले असते, भुसावळ, थाळनेर, प्रकाशा पाहिलेले असते. आणि या सगळ्या मुलखाची थोडी थोडी माती तिने पदरात घेतलेली असते.

खान्देशची काळी माती बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाची झिजून झालेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. उत्तरेकडून सिंधू नदी जी माती अरबी समुद्रात आणते तिचा स्वभाव वेगळा आहे. ती हिमालयाकडची माती; तिच्यात इलाइट आणि क्लोराइट ही खनिजे जास्त असतात. त्यामुळे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना अरबी समुद्राच्या तळाची माती तपासून सांगता येते की ही सिंधूची आणि ही नर्मदा-तापीची. म्हणजे मुंबई-सुरतच्या समोर पाण्याखाली जो गाळ पसरलेला आहे, त्यात आपल्या शिवाराचाही वाटा आहे.

या गाळाने आपल्या पूर्वजांच्या जीवनातही ढवळाढवळ केलेली आहे. मुघल काळात सुरत हे हज यात्रेला निघणाऱ्यांचे मोठे बंदर होते. बऱ्हाणपूर आणि नंदुरबारकडून येणाऱ्या रस्त्याने काफिले सुरतेत पोहोचत. मुसाफिरांसाठी शाहजहानच्या काळात, १६४४ साली बांधलेली मुघल सराय आजही तिथे उभी आहे. सुरत महानगरपालिकेचे कार्यालय त्याच इमारतीत आहे. मात्र तापीच्या मुखाशी गाळाचे आणि वाळूचे बांध असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नव्हती. ती बाहेर सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकत. हाजींच्या जहाजांना अडवणाऱ्या त्या गाळात खान्देशची माती होती, हे लक्षात घेतले तर समुद्र तितका परका वाटत नाही.

तळाची माती वर कशी काढतात

शेतात बोअर मारताना आपण पाहतो: आधी काळी माती येते, मग पिवळी, मग वाळू, मग गोटे. बोअरवाला ते ढीग ओळीने मांडत जातो आणि अनुभवी माणूस ढीग पाहूनच सांगतो की इथे कधीकाळी नदीचे पात्र होते. यावल, रावेर, चोपडा या भागात तापीने साठवलेला गाळ काही ठिकाणी शेकडो फूट जाडीचा आहे.

समुद्रात हेच काम जहाजावरून करतात. लांब पोकळ नळीला वर शिशाचे जड वजन बांधून ती तळाकडे सोडतात. वजनाच्या जोराने नळी गाळात घुसते आणि गाळाचा एक लांब दांडा आत अडकतो. तो वर काढून उभा चिरतात. एक अर्धा भाग पुढच्या पिढीच्या अभ्यासासाठी जपून ठेवतात आणि दुसऱ्याची तपासणी करतात. सर्वांत वर आजचा गाळ, आणि जितके खाली जाल तितका जुना काळ. मोकळ्या खोल समुद्रात गाळ इतका सावकाश साचतो की हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढाच थर बसतो. नद्यांच्या मुखाजवळ हाच वेग कितीतरी जास्त असतो.

आता यातून तारीख कशी काढायची? गाळात बारीक शिंपले आणि कवचे असतात. त्यांतल्या कार्बन-१४ या घटकाचे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होते. किती उरले ते मोजले की वय कळते. ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालते. त्याहून जुन्या गाळासाठी दुसऱ्या युक्त्या आहेत. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटे होतात. शेवटची मोठी अदलाबदल सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. गाळातले लोहाचे कण बसताना त्या वेळच्या चुंबकीय दिशेने बसतात, त्यामुळे थरांत कुठे दिशा उलटली ते शोधता येते.

आणि काय घडले, ते कोण सांगते? याचे सर्वांत चांगले साक्षीदार म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव. बहुतेकांचे कवच वाळूच्या कणाएवढे, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नक्षीकाम केल्यासारखे दिसते. काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात, काही उथळ किनाऱ्यावर, काही खोल समुद्रात. गाळाच्या एखाद्या थरात उथळ पाण्यातल्या जाती सापडल्या आणि तो थर आज खोल पाण्याखाली असेल, तर त्या काळी तिथे पाणी उथळ होते हे उघड आहे.

या कवचांमध्ये आणखी एक हिशेब लपलेला असतो. पाण्यातला ऑक्सिजन हलका आणि जड अशा दोन प्रकारचा असतो. समुद्राची वाफ होताना हलका ऑक्सिजन असलेले पाणी जास्त सहज उडते. हिमयुगात ही वाफ बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडली, समुद्रात परतली नाही. साहजिकच समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढले आणि त्या काळातल्या कवचांतही ते उतरले. म्हणून एवढ्याशा कवचावरून त्या वेळी पृथ्वीवर किती बर्फ साठलेले होते आणि समुद्र किती खाली गेला होता, याचा अंदाज बांधता येतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० ते १३० मीटर खाली होती.

मुंबईसमोरचे पन्नास वाव

आता आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या समोर समुद्राचा तळ एकदम खोल होत नाही. सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत तो पसरट, उथळ असा चालू राहतो. याला खंडान्त उतार सुरू होण्याआधीचा मंच म्हणता येईल. त्याच्या बाहेरच्या भागात एक मोठे सपाट क्षेत्र आहे. नाविकांच्या जुन्या नकाशांत त्याला ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणतात, म्हणजे पन्नास वाव खोलीचे सपाट मैदान. एक वाव म्हणजे सहा फूट. पन्नास वाव म्हणजे ३०० फूट, अर्थात ९१ मीटर.

या मैदानावर शास्त्रज्ञांना खसखशीसारखे गोल, चुन्याचे कण सापडले. त्यांना ऊइड म्हणतात. असा कण तयार होण्यासाठी ऊबदार, अगदी उथळ आणि लाटांनी सतत ढवळले जाणारे पाणी लागते. कण मागेपुढे लोळतो आणि त्यावर चुन्याचे पापुद्रे चढत जातात. आज जिथे २५-३० मजली इमारत बुडेल एवढे पाणी आहे, तिथे असे कण जन्मणे शक्य नाही. त्यांचे वय सुमारे दहा हजार वर्षांच्या आसपास निघाले. याचा अर्थ त्या काळी तिथे किनारा होता आणि लाटा तिथे येऊन फुटत होत्या.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एन. एच. हाशिमी, राजीव निगम, आर. आर. नायर आणि त्यांच्यासोबत जी. राजगोपालन यांनी १९९५ साली अशा अनेक पुराव्यांची जुळणी करून पश्चिम किनाऱ्यासाठी एक आलेख मांडला. त्यानुसार १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होता. मग तो चढू लागला, मध्ये सुमारे अडीच हजार वर्षे जवळजवळ थांबला आणि १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात हजार वर्षांना सुमारे २० मीटर या वेगाने वर आला. गेली सुमारे सात हजार वर्षे तो थोड्याफार चढउताराने आजच्या पातळीच्या आसपास आहे.

हजार वर्षांत २० मीटर म्हणजे वर्षाला दोन सेंटिमीटर. ऐकायला थोडे वाटते. पण उतार इतका कमी असलेल्या सपाट प्रदेशात पाणी थोडे वर चढले तरी किनारा कितीतरी आत सरकतो. त्या काळात खंभातच्या आखाताच्या जागी कोरडी जमीन होती. तापी आणि नर्मदा आजच्या किनाऱ्याच्या पुढे वाहत जाऊन समुद्राला मिळत होत्या. तिथे राहणाऱ्या माणसांना आपल्या हयातीत किनारा मागे हटलेला दिसला असेल. त्यांचे तळ, त्यांच्या वाटा आता गाळाखाली आहेत.

पाणी चढले की जमीन खचली?

इथे एक पेच उभा राहतो. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस फक्त एवढेच पाहतो की पाणी जमिनीवर आले. ते पाणी वाढल्यामुळे आले की जमीन खाली बसल्यामुळे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

१८७८ साली मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदत असताना समुद्राच्या गाळाखाली खैराच्या झाडांचे एक जंगलच सापडले. साडेतीनशेहून जास्त झाडे होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मुळांवर जशीच्या तशी उभी होती. खैर हे कोरड्या जमिनीवरचे झाड. खाऱ्या पाण्यात ते वाढत नाही. म्हणजे जंगल जिथे वाढले तिथेच ते पाण्याखाली गेले. समुद्र वर आला की मुंबईची जमीन खचली? भूगर्भशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ खल केला. योगायोग असा की त्याच १८७८ सालापासून मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदी मिळतात. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी त्या आहेत.

हा पेच सोडवण्याची रीत साधी आहे. अनेक ठिकाणांचे पुरावे शेजारी शेजारी ठेवायचे. सगळीकडे एकाच काळात, सारख्याच प्रमाणात बदल दिसला तर समुद्र हलला. एकाच ठिकाणी बदल दिसला आणि शेजारी काही नाही, तर तिथली जमीन हलली.

जमीन हलते म्हणजे किती हलते? १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणात सिंद्री नावाचा किल्ला होता. त्याच्या आसपासचा प्रदेश खचून पाण्याखाली गेला. आणि त्याच वेळी त्याच्या उत्तरेला जमिनीचा एक लांब पट्टा काही मीटर वर उचलला गेला. सुमारे ८० ते ९० किलोमीटर लांबीचा हा बांध कोणाही माणसाने घातलेला नव्हता, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला नाव दिले ‘अल्लाह बंद’. चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या घटनेचा समावेश केला आणि कच्छच्या खेडुतांनी दिलेले हे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी गेले. आजही भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत ‘अल्लाह बंद’ याच नावाने तो ओळखला जातो.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली भूकंप झाला. ओरमारा इथला किनारा सुमारे दोन मीटर वर उचलला गेला आणि निघालेली त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात याच्या उलट घडले: निकोबारमधील इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. त्याच भूकंपात अंदमानच्या उत्तर भागातली प्रवाळे मात्र पाण्याबाहेर उचलली जाऊन मेली. एकच भूकंप, एकीकडे जमीन वर, दुसरीकडे खाली.

अशा घटना गाळ विसरत नाही. त्सुनामी समुद्राची वाळू किनाऱ्यामागच्या चिखलावर आणून टाकते; वर पुन्हा चिखल बसतो. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर २००४ च्या वाळूच्या थराखाली खोदले तेव्हा त्याहून जुने तसेच थर सापडले. म्हणजे २००४ ची लाट पहिली नव्हती. जुन्या लाटेची आठवण कोणत्याही माणसाला नव्हती, पण चिखलात ती नीट जपलेली होती. ही गोष्ट आधी माहीत असती तर कितीतरी जीव वाचले असते.

आपला खान्देशही अगदी स्थिर आहे असे नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामधली तापीची दरी जमिनीतल्या मोठ्या भेगांच्या बाजूने खचत गेलेली आहे. म्हणूनच तिच्यात एवढा जाड गाळ साठला. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. आणि सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत शिंपले, समुद्री साळिंदर म्हणावेत असे काटेरी जीव आणि शार्कचे दात सापडतात. नर्मदेच्या खोऱ्यात तेव्हा समुद्र शिरलेला होता. त्यानंतर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि आपले दख्खनचे पठार तयार झाले. आज ते समुद्री खडक समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर, किनाऱ्यापासून दूर आहेत.

दर्याखालची दरड

२०१५ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे खोदकाम करणारे जहाज अरबी समुद्रात होते. मोहिमेचे नेतृत्व गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि समुद्र संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट यांच्याकडे होते. लक्ष्मी खोरे नावाच्या भागात, साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल पाण्याखाली, त्यांनी तळात एक किलोमीटरहून अधिक खोल छिद्र पाडले. हिमालय कसा झिजत गेला आणि मान्सून कसा बदलत गेला, याचा शोध घेणे हा हेतू होता.

त्या गाळात मधोमध एक विचित्र थर आला. त्यात क्रम नव्हता. उथळ पाण्यातले चुनखडीचे तुकडे, चिखल, दगड, सगळे एकमेकांत मिसळलेले. हा थर म्हणजे समुद्राखाली कोसळलेली एक दरड होती. तिला ‘नटराज’ असे नाव दिलेले आहे. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या किनाऱ्यासमोरचा उतार कोसळला आणि सुमारे १९,००० घनकिलोमीटर माल तीनशेहून अधिक किलोमीटर लांब घसरत गेला. उकाईसारखी अडीच हजार धरणे भरतील एवढा हा ढीग आहे. जगात सापडलेल्या सर्वांत मोठ्या समुद्री दरडींमध्ये तिची गणना होते. उतारावर साचलेला गाळ अस्थिर होणे आणि त्याला भूकंपाचा धक्का बसणे, अशी कारणे अशा दरडींमागे असतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

घाईचा निष्कर्ष

गाळाचा पुरावा वाचताना सबूर लागते, याचे एक उदाहरण आपल्याच तापीच्या मुखापाशी आहे. २००१ साली खंभातच्या आखातात पाण्याखाली एक प्राचीन शहर सापडल्याची घोषणा झाली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तळावरून उपसून काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता. त्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले.

पुरातत्त्वज्ञांनी विचारले, हा तुकडा कोणत्या थरातून आला? खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतले अंतर काही ठिकाणी दहा मीटरच्या पुढे जाते. पाणी एवढ्या वेगाने ये-जा करते की तळाचे सगळे ढवळून निघते. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या वर्षानुवर्षे लाकडे, दगड, खापरे तिथे आणून टाकतात. उपसून काढलेला तुकडा जुना असेलही, पण तो तिथलाच आहे आणि माणसाने वापरलेला आहे, हे त्यावरून ठरत नाही. थरातून सुटलेली वस्तू म्हणजे पान क्रमांक नसलेला कागद. मोबाइलवर रोज अशा ‘बुडालेल्या शहरां’च्या चित्रफिती फिरतात. मुलांनी दाखवल्या तर त्यांना रागावू नये. एवढाच प्रश्न विचारायला शिकवावे की हे कोणत्या थरात सापडले आणि त्याचे वय कोणी, कसे मोजले?

सुरतेतल्या आपल्या माणसांसाठी

हा विषय आम्हाला निव्वळ जुन्या काळाचा वाटत नाही, त्याचे कारण सुरत. खान्देशातल्या कितीतरी घरांतला एखादा चाचा, एखादी खाला, एखादा जावई उधना किंवा लिंबायतला राहतो. लूमवर, साडीच्या कारखान्यात, हिऱ्याच्या कामात आपली माणसे आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतचा बहुतांश भाग पाण्यात गेला. त्या दिवसांत फोन लागत नव्हते आणि इकडे घराघरांत लोक रेडिओ-टीव्हीला चिकटून बसले होते. इथे हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा आजही पहिला विचार तिकडच्यांचा होतो.

नदीचा पूर आणि समुद्राची भरती एका वेळी आली की पुराच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. समुद्राची सरासरी पातळी जितकी वाढेल, तितकी भरती उंच येईल. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर पोहोचला, असे आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीचे अहवाल सांगतात. दहा हजार वर्षांपूर्वीच्या वेगापेक्षा हा कमी आहे. पण तेव्हा किनाऱ्यावरची माणसे आपले सामान उचलून आत सरकू शकत होती. सुरत आणि मुंबई उचलून कुठे नेणार?

दुसरी बाजू गाळाची आहे. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले, नंतर वर हतनूर झाले. धरणे पाणी अडवतात तसा गाळही अडवतात. शेतीला पाणी मिळाले, पुरावर काही प्रमाणात लगाम बसला, हे खरे. पण धरणाची साठवण गाळाने कमी होत जाते आणि किनाऱ्याला मिळणारी नवी मातीही घटते. माती मिळाली नाही की लाटा किनारा कुरतडतात. म्हणून आपल्या शिवारात बांधबंदिस्ती करणे, नाल्याकाठी झाडे ठेवणे, शेताची माती शेतातच राखणे हे काम आपल्या शेतापुरते नसते. हतनूरचा आणि उकाईचा तळ त्यामुळे जास्त दिवस मोकळा राहतो, आणि पुराच्या वेळी धरणात थोडी जास्त जागा मिळते.

सुरत, मुंबई किंवा कोकणात घर घेणाऱ्या नातेवाइकांना एक सल्ला द्यावासा वाटतो. प्लॉट स्वस्त का आहे ते विचारा. २००६ चे पाणी तिथे कुठपर्यंत आले होते, हे शेजारच्या जुन्या रहिवाशांकडून समजून घ्या. जमीन भराव टाकून केलेली आहे का, पूर्वी तिथे खाडी किंवा खाजण होते का, हे पाहा. मऊ गाळावर टाकलेला भराव खाली बसत जातो आणि भूकंपात अशी जमीन जास्त हादरते. फरशीचा रंग आणि गॅलरी पाहण्याआधी पायाखालची माती पाहावी.

मुलांच्या हाती

हा अभ्यास आपल्या मुलामुलींना परका वाटू नये. डॉ. सय्यद जहूर कासिम यांचे नाव किती घरांत माहीत आहे? अलाहाबादला जन्मलेले हे शास्त्रज्ञ १९७४ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज कामाला लागले आणि २६ जानेवारी १९८१ रोजी त्या जहाजाने समुद्राच्या तळावरून मँगनीजयुक्त गोळे वर काढले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले. पुढे ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. मुलींसाठी डॉ. अदिती पंत यांचे उदाहरण आहे. नागपूरच्या मराठी घरात जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेत होत्या. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या महिला.

बारावी विज्ञाननंतर भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. पुढे एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात. डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी या दाराकडेही एकदा पाहावे.

आणि लहान मुलांसाठी एक प्रयोग. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. तिच्यात शेतातली दोन मुठी माती, थोडी वाळू आणि वरपर्यंत पाणी घाला. झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. खडे आणि वाळू क्षणात खाली बसतील. मग बारीक गाळ बसेल. काळी चिकणमाती मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवील. आठवड्याने, थर न हलवता, वरून पुन्हा चमचाभर वाळू टाका. नंतर बरणी बाहेरून पाहून मुलांनीच सांगावे, आधी काय झाले, मग काय झाले आणि ‘पूर’ कितव्या दिवशी आला. घरातल्या दादीलाही ते दाखवावे. तापीचे जुने पूर तिने डोळ्यांनी पाहिलेले असतील, आणि त्यांची तारीख ती तोंडपाठ सांगेल.